सिनेमात रग्बी दाखवतात तेवढं खरंच लागतं का?

तुम्ही 'इन्व्हिक्टस' (१९९५ च्या रग्बी वर्ल्ड कपवरचा सिनेमा) बघितला आणि त्यातली धडाधड बघून वाटलं की हे वाढवून दाखवलंय, असा तुमचा प्रश्न आहे. मी नाशिकचा, कॉलेजात चार वर्षं सेव्हन्स खेळलो, म्हणजे सात-सात जणांचं, सात मिनिटांचे दोन हाफ. पंधरा जणांचं फक्त पुण्यात एका कॅम्पला खेळलो आणि तिथे माझी लाज गेली, ते सोडा.

तर माझ्या मते सिनेमात टक्कर बऱ्यापैकी खरी असते, टक्करीनंतरचं गायब असतं.

माझी पहिली टॅकलची, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडायची, प्रॅक्टिस डिसेंबरात होती, सकाळी सहाला, गंगापूर रोडच्या पुढच्या एका ग्राउंडवर, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीय, गवत वाळलेलं आणि मधेमधे खडे. समोरचा सिनियर आधी कबड्डी खेळायचा. मी सिनेमात बघितलं होतं तसं छातीवर छाती आपटायला गेलो, तो जरा वळला आणि त्याच्या कमरेचं हाड माझ्या गालाखाली बसलं. आवाज फार नाही आला, सिनेमात कसं पोतं आपटल्यासारखा धप्प ऐकू येतो तसं काही नाही, माझ्या तोंडातून नुसतं 'हुक्' झालं आणि मग श्वासच येईना. सर लांबून ओरडले, "उठ, बॉल कुठंय?" कोणी विचारलंसुद्धा नाही लागलं का. कोपर सोलवटलंय हे घरी अंघोळीचं गरम पाणी पडलं तेव्हा कळलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारता येईना.

हे उठणं सिनेमात नसतं. टॅकल केली की आधी बॉलवाल्याला सोडायचं, बाजूला व्हायचं, उभं राहायचं, मगच बॉलला हात, तोवर दोन्हीकडचे लोक वर येऊन ढकलाढकली सुरू करतात, त्याला रक म्हणतात. कॅमेरा तोवर बॉलबरोबर पुढे गेलेला असतो. खरी दमछाक तिथे होते, आणि पंधरा जणांच्या मॅचमध्ये हे ८० मिनिटं चालतं. कबड्डीवाल्यांना सांगतो, पकड झाली की पंच शिट्टी मारतो आणि सगळे झटकून उभे राहतात ना, इथे पकड झाल्यावर काम सुरू होतं.

शिवाय सिनेमात टॅकल वर दाखवतात, गळ्याजवळ, कारण तिथे चेहरा दिसतो. प्रत्यक्षात खांद्याच्या वर हात गेला तर पेनल्टी, डोक्याला लागलं तर थेट रेड कार्डही मिळू शकतं. चांगली टॅकल खाली असते, मांडीवर, तुमचा गाल त्याच्या ढुंगणाला टेकलेला (हसू नका, शिकवतातच तसं, डोकं मागे ठेवलं तर मान वाचते). असला शॉट कुठला डायरेक्टर घेणार?

'इन्व्हिक्टस'बद्दल म्हणाल तर त्यांनी मेहनत घेतलीय. १९९५ च्या दक्षिण आफ्रिकेच्या टीममधला चेस्टर विल्यम्स स्वतः कलाकारांना शिकवायला होता. फक्त मॅट डेमन हा, तो ज्याची भूमिका करतो त्या कॅप्टन फ्रान्स्वा पिनारपेक्षा बराच बुटका, त्यामुळे फ्रेममध्ये वजनाचा अंदाज चुकतो. आणि ती न्यूझीलंडविरुद्धची फायनल आठवून बघा, १५-१२, एक्स्ट्रा टाइममध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जोएल स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टाकून उसळताच लाथेने मारलेला), आख्ख्या मॅचमध्ये एकही ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं) नाही, सगळे पॉइंट लाथेने आलेले. न्यूझीलंडच्या ज्या जोना लोमूने सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध चार ट्राय मारले, एकाला तर अक्षरशः तुडवून गेला, त्याला फायनलला एकही मारू दिला नाही. म्हणजे मॅच जिंकली ती त्याला पुन्हा पुन्हा खाली पाडून, तेच कंटाळवाणं काम करून. सिनेमाला ते शेवटी स्लो मोशन आणि घुसमटलेल्या आवाजांनी दाखवावं लागलं, स्क्रममधले (दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना ढकलतात ते) हुंकार मला आवडले, तेवढे खरे वाटतात.

त्याहून खरा वाटला तो १९६३ चा 'धिस स्पोर्टिंग लाइफ', ब्लॅक अँड व्हाइट, रिचर्ड हॅरिसचा. ती रग्बी लीग आहे, तेरा जणांची, नियम वेगळे, पण सुरुवातीलाच हिरोचे पुढचे दात पडतात आणि पुढे तो डेंटिस्टच्या खुर्चीत दिसतो. मार लागला की त्याचा हिशोब नंतर चुकवावा लागतो, हे त्या सिनेमाला कळलंय.

आता एक गंमत. तालमीतल्या जुन्या पैलवानाचे कान बघितलेत ना, मोडलेले, सुजून घट्ट झालेले? स्क्रममध्ये पुढच्या रांगेत वर्षानुवर्षं डोकं घासणाऱ्यांचे कानही तसेच होतात. आंतरराष्ट्रीय लेव्हलला एका बाजूच्या आठ जणांचंच वजन ९०० किलोच्या आसपास जातं आणि ते सगळं पुढच्या तिघांच्या माना-खांद्यांवर. सिनेमातल्या प्रॉपचे, म्हणजे पुढच्या रांगेतल्या कडेच्या गड्याचे, कान मात्र परवाच सलूनमधून आल्यासारखे. पुढच्या वेळी कुठलाही रग्बीचा सिनेमा लावलात तर आधी कान बघा, माझं तर हल्ली तिकडेच लक्ष जातं आणि बायको वैतागते.