जुन्या वस्तू हॉलमध्ये मांडून ठेवल्या की ती कला कशी काय होते?

तुमचा प्रश्न असा की घरातल्या रिकाम्या डब्या, बाटल्या, फाटक्या चपला कोणीतरी आणून हॉलमध्ये मांडतो आणि त्याला कला का म्हणायचं. मी काही आर्ट शिकलेलो नाही, पण बीजिंगचा कलाकार सोंग डोंग, त्याचं 'वेस्ट नॉट' (म्हणजे काही वाया घालवू नका) हे काम बघा, मग बोलू.

ह्याचे वडील २००२ ला अचानक गेले आणि आई त्यातनं बाहेरच येईना. तिला आधीपासनं काहीच न टाकायची सवय, कारण टंचाईचा काळ बघितलेला, कापड, साबण सगळं रेशनवर, आणि नवरा गेल्यावर तर घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. पोरगा आवरायला गेला की भांडण. मग तो म्हणाला आपण हे मिळून मांडूया, तूच लाव. २००५ ला पहिल्यांदा मांडलं, दहा हजाराच्या वर वस्तू, जुन्या घराचा लाकडी सांगाडासुद्धा. आई स्वतः तिथं थांबून लोकांशी बोलायची.

त्यात साबणाच्या वड्या आहेत, वाळून दगड झालेल्या. पोरांच्या संसाराला कमी पडू नये म्हणून तिनं साठवलेल्या. लग्न झाल्यावर द्यायला गेली तर हा म्हणाला माझ्याकडं वॉशिंग मशीन आहे, नको. तरी तिनं ठेवल्याच. मला ह्या साबणापुढं काही सुचत नाही.

आपल्याकडचा कलाकार सुबोध गुप्ता, त्याची स्टीलच्या भांड्यांची ती भलीमोठी कवटी (२००६) पण भारी आहे, नाही असं नाही, पण तिथं मला भांडी दिसतात, ती वापरणारी बाई दिसत नाही.

आम्ही कोल्हापूरच्या शाहूपुरी कुंभार गल्लीतले. २०१९ च्या महापुरात घरात पाणी, ओसरल्यावर चिखल, आणि प्रत्येकाच्या दारात भिजलेल्या गाद्या, कपाटं, वह्या. आम्ही सगळं ट्रॉलीत भरायलोय आणि आई त्याच ढिगातनं एकेक वस्तू काढून धुवून गच्चीवर नेतीय. मी तिच्यावर ओरडलो पण. संध्याकाळी वर गेलो तर चमचे एका ओळीत, बरण्यांची झाकणं लहानापासनं मोठ्यापर्यंत, आण्णांच्या चष्म्याच्या तीन काड्या वेगळ्या फडक्यावर. आण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षं झालेली. खाली दारात होतं तोवर तो कचराच होता, मलाही तसाच दिसत होता, वर मात्र आमचं सगळं घर पसरलेलं होतं.

सोंग डोंगची आई २००९ मध्ये गेली, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोमा ह्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये हेच त्यानं बहीण-बायकोला घेऊन परत मांडलं. वर निऑनच्या अक्षरात वडिलांसाठी लिहिलंय, बाबा काळजी करू नका, आई आणि आम्ही ठीक आहोत.

त्याचे फोटो मी आईला मोबाईलवर दाखवले. टूथपेस्टच्या चपट्या ट्यूबांच्या ओळीवर तिनं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "हिनं ट्यूब कापली नाही बघ, आत अजून दोन दिवसाची पेस्ट हाय."