थ्रीडी ग्राफिक्समध्ये गोळा y अक्षावर अर्धा चपटा केला की प्रकाश चुकीच्या जागी पडतो, फिरवला तरी दुरुस्त होत नाही. का?

तुमचे दिवे बरोबर असावेत, गडबड नॉर्मलची, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या दिशेची दिसते. शिरोबिंदूंना (आकाराच्या कोपऱ्यांच्या बिंदूंना) लावलेलंच मॉडेल मॅट्रिक्स, म्हणजे वस्तू हलवणारा, फिरवणारा, लहानमोठी करणारा आकड्यांचा तक्ता, तुम्ही नॉर्मललाही लावत असणार. सगळ्या अक्षांवर सारखं स्केल असेल तर ते खपतं, फक्त लांबी परत १ करावी लागते. इथे मात्र नाही.

हिशोब करून बघा. उतारावरची स्पर्शदिशा (पृष्ठभागालगत जाणारी दिशा) (१, -१, ०), नॉर्मल (१, १, ०). y अर्धा केल्यावर स्पर्शदिशा (१, -०.५, ०) होते. नॉर्मलही तसाच दाबला तर (१, ०.५, ०), आणि दोघांचा डॉट गुणाकार (काटकोनात असतील तर शून्य येणारा) ०.७५. म्हणजे काटकोन गेला! खरा नॉर्मल (१, २, ०) हवा. मग गुणाकार शून्य येतो.

म्हणून मॉडेल मॅट्रिक्सचा वरचा डावा ३×३ भाग घ्या, त्याच्या इन्व्हर्सचा (उलट क्रिया करणाऱ्या मॅट्रिक्सचा) ट्रान्सपोज (ओळी आणि स्तंभांची अदलाबदल) नॉर्मलला लावा. हे सीपीयूवर दर वस्तूमागे एकदाच काढा, प्रत्येक शिरोबिंदूला इन्व्हर्स काढणं महाग पडतं. फ्रॅगमेंट शेडरमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पुन्हा नॉर्मलाइझ करायला, म्हणजे लांबी १ करायला विसरू नका, इंटरपोलेशनमध्ये (शिरोबिंदूंमधल्या जागी मधली किंमत काढताना) लांबी घटते.

तरीही शंका असेल तर प्रकाशाचं गणित बाजूला ठेवून नॉर्मल × ०.५ + ०.५ (म्हणजे -१ ते १ चे आकडे ० ते १ मध्ये येतात) हाच रंग म्हणून दाखवा. मी नेहमी इथूनच सुरुवात करतो.