रोगाला औषधाची ‘सवय’ होते का?

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. डाउनी (केवडा) रोगावर पूर्वी हमखास लागू पडणारी काही औषधे आता निकामी ठरतात. रोगाला औषधाची सवय होते, असे सगळे म्हणतात. उत्क्रांतीला तर लाखो वर्षे लागतात. मग जनुकशास्त्राने असा बदल तपासता येतो का? आणि चांदोलीच्या वाघांनाही हेच लागू होते का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : सवय होत नाही, निवड होते. अझॉक्सीस्ट्रॉबीनच्या गटातील औषधे डाउनीच्या जंतूतील सायटोक्रोम-बी या प्रथिनाला चिकटून त्याचा श्वसनव्यापार बंद पाडतात. या प्रथिनातील 143 व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या घटकाऐवजी) ॲलानिन आले, की औषध तेथे बसू शकत नाही. आणि एवढ्या बदलाला डीएनएतील एकच अक्षर पुरते. कोट्यवधी बीजाणूंपैकी एखाद्यात असा बदल आपोआप झालेला असतो. फवारणी तो घडवत नाही, मात्र बाकीचे मारून त्या एकाला रान मोकळे करून देते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ओलाव्यात पिढ्या इतक्या झपाट्याने उलटतात की उत्क्रांती काही हंगामांतच दिसू लागते. महाराष्ट्रातील बागांमधल्या नमुन्यांतही हा बदल आढळला आहे. बाटलीवरचे नाव बदलले तरी गट तोच असेल, तर उपयोग होत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. गट आलटून पालटून वापरणे आणि जोडीला मँकोझेबसारखे स्पर्शजन्य औषध ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

वाघांच्या पिढ्या संथ असतात आणि संख्या थोडी, त्यामुळे तेथे निवडीपेक्षा योगायोगाचे वजन वाढते. ओडिशातील सिमिलिपालमध्ये काळे, रुंद पट्टे एकमेकांत मिसळलेले वाघ दिसतात. जनुकशास्त्रज्ञ उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये त्याचे मूळ टॅकपेप या जनुकातील एका बदलात असल्याचे दाखवले. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तरच पट्टे तसे होतात, आणि इतरत्र अतिशय विरळ असलेली ही गोष्ट तेथे वारंवार दिसते, याचे कारण ते वाघ इतर वाघांपासून तुटलेले आणि आपसांतच वाढलेले आहेत. चांदोली आणि कोयना मिळून 2010 मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही वाघ मोजकेच असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विष्ठेतील डीएनएवरून, वाघाला हातही न लावता, वाघ कोणता आणि कोणाच्या नात्यातला हे ओळखता येते; बाहेरून वाघ आणताना नर-मादी जवळच्या नात्यातले नाहीत ना, याची खात्री त्यावरूनच करता येते.