एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) जखमी खेळाडूचा करार 'रिस्ट्रक्चर' केला, म्हणजे त्यातल्या पैशांची मांडणी बदलली, तर त्याचे पैसे कापले का? आणि त्यातून सॅलरी कॅपची, म्हणजे संघाच्या वर्षभराच्या पगारखर्चावरच्या मर्यादेतली, जागा कशी निघते?

दर वेळी कापतातच असं नाही, कधी कधी तर उलट खेळाडूच्या हातात पैसा लवकर पडतो. मी क्लीव्हलँड ब्राउन्स बघतो. या एका संघातच दोन्ही प्रकार झालेत, तेव्हा तिथलंच सांगतो.

क्वार्टरबॅक डीशॉन वॉटसनचा 2022 चा करार 5 वर्षांचा, 23 कोटी डॉलरचा आणि पूर्ण हमीचा, म्हणजे काढून टाकलं तरी पैसे द्यावेच लागतील असा. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याची अकिलीस टेंडन फाटली, पुढे तीच पुन्हा फाटली. जखमी यादीत टाकलं तरी खेळाडूचा पगार कॅपमध्ये धरलाच जातो. 2025 चा त्याचा मूळ पगार होता 4.6 कोटी. संघाने 12.55 लाख, म्हणजे किमान पगार, तेवढाच ठेवला आणि उरलेल्या साधारण 4.47 कोटींचा सायनिंग बोनस, म्हणजे सही केल्यावर मिळणारी रक्कम, केला. बोनस कॅपच्या हिशोबात जास्तीत जास्त 5 वर्षांवर वाटता येतो, म्हणून त्या वर्षी फक्त 89 लाखांच्या आसपास लागले आणि सुमारे 3.58 कोटींची जागा मोकळी झाली. वॉटसनचा एक डॉलरही कमी झाला नाही. करार संपल्यानंतरची जी वर्षं निव्वळ हिशोबासाठी कागदावर जोडली, त्यांत तो कधीच खेळला नाही तरी बोजा संघावर येणारच. त्याला काढून टाकावं, तर वाटून ठेवलेले हप्ते अंगावर येतात, शिवाय हमीचा उरलेला पगार द्यावाच लागतो.

रनिंग बॅक निक चबचं प्रकरण अगदी वेगळं, आणि मला जास्त लागलेलं. सप्टेंबर 2023 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्याचा डावा गुडघा गेला. 2024 चा त्याचा पगार सुमारे 1.18 कोटी होता, पण त्याला हमी नव्हती. संघाने सरळ सोडलं असतं तर हा पगार गेलाच असता. म्हणून तो सुमारे 23 लाखांच्या हमीवर राजी झाला, बाकीचे पैसे कामगिरीवर. सगळं जमलं असतं तर 1.2 कोटींच्या आसपास मिळाले असते.

खरी मेख या बोनसमध्ये आहे. कामगिरीचा बोनस 'मिळण्याजोगा' आहे की नाही हे बहुतेक मागच्या हंगामाच्या आकड्यांवरून ठरतं. चब 2023 मध्ये दोनच सामने खेळलेला, त्यामुळे त्याहून वरची जवळपास कुठलीही अट 'मिळण्याची शक्यता नाही' या खान्यात जाते आणि चालू वर्षाच्या कॅपला लागत नाही. त्याने ती गाठलीच, तर भार पुढच्या वर्षी. म्हणजे ज्या दुखापतीने त्याचा पगार गेला, तिनेच संघाची कॅपही वाचवली.

माझं मत विचाराल तर हे अन्यायाचं आहे. चबने संघासाठी कितीतरी वर्षं अंग झिजवलं होतं.

तेव्हा अशी बातमी वाचताना एकूण आकड्याकडे बघू नका. हमी किती होती आणि आता किती उरली, ते बघा. हमी तेवढीच असेल तर ती वॉटसनची तऱ्हा, खेळाडूचं काही बिघडत नाही. हमी नव्हतीच आणि पगाराच्या जागी अटी आल्या असतील, तर खेळाडूच्या पोटाला चिमटा बसलाय.