‘डिफॉल्टर’ म्हणजे कर्जबुडवा का?

प्रश्न असा आहे की नोटिशीत ‘थकबाकीदार’, कायद्याच्या मराठीत ‘कसूरदार’ आणि बातमीत ‘कर्जबुडवा’ असं छापतात. तिन्ही ‘डिफॉल्टर’साठीच. मग कुठलाही वापरला तर चालेल का?

नाही. थकबाकीदार हा निव्वळ हिशेबाचा शब्द आहे. मुदत उलटली, रक्कम जमा नाही, एवढंच तो सांगतो. कारण विचारत नाही. कसूरदाराला पैशाचा संबंध लागतोच असं नाही. समन्स बजावूनही गैरहजर राहिलेला साक्षीदार किंवा वेळेत विवरणपत्र न भरणारी कंपनी कसूरदार ठरते, पण थकबाकीदार नव्हे. ज्याच्याकडे फेडायला काही उरलंच नाही तो नादार. त्याची दानत स्वच्छ असू शकते.

कर्जबुडवा म्हटलं की थेट दानतीवर बोट. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतला ‘विलफुल डिफॉल्टर’ या अर्थाच्या जवळचा: ऐपत असून न फेडणारा, कर्जाची रक्कम भलतीकडे वळवणारा, तारण ठेवलेला माल परस्पर विकणारा. हा शिक्का मारण्याआधी बँकेला नोटीस देऊन त्याची बाजू ऐकावी लागते. बातमीत ते काम एका शब्दात उरकलं जातं. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं ‘एनपीए’ (अनुत्पादक कर्ज) होतं, पण तेवढ्याने खातेदार बुडवा होत नाही.

क्रियापदांतही गफलत होते. ‘भाडं थकलं’ यात दोष कुणावरच नाही. ‘भाडं थकवलं’ म्हटलं की भाडेकरूवर येतो. ‘चुकवणे’ तर दुधारी आहे: कर चुकवला म्हणजे भरला नाही, पण देणं चुकतं केलं म्हणजे फेडलं. म्हणून नोटिशीत ‘रक्कम चुकवावी’ असं कधी लिहू नये, ‘भरावी’ लिहावं.

सगळ्यात महाग पडणारी चूक ‘निर्लेखित’ची. बँकेने कर्ज निर्लेखित केलं म्हणजे आपल्या ताळेबंदातून काढलं, बोलीभाषेत बुडीत खात्यात टाकलं. वसुलीचा हक्क शाबूत असतो आणि कर्जदाराचं देणंही. मथळ्यात मात्र ‘कर्ज माफ’ छापून येतं. माफीत देणंच संपतं, निर्लेखनानंतर जामीनदाराच्या दारातही वसुलीवाला येऊ शकतो.