पिरॅमिडखालच्या गुहांत नंतर कोण राहिलं?

प्रश्न : परवा बोरिवलीच्या मंडपेश्वरला गेलो होतो. शंकराची लेणी, पोर्तुगीजांनी तिथंच चर्च थाटलं, भिंतीवर क्रूस अजून दिसतो आणि आता परत पूजाअर्चा चालू. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहरात पिरॅमिडखाली भुयारं आहेत म्हणतात, त्यांचंही नंतर असंच काही झालं का? – एक वाचक, दहिसर

उत्तर : झालं की! पण आधी एक गंमत सांगतो, कारण ती कळली नाही तर पुढचं डोक्यात बसणार नाही. १९७१ मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या, 'सूर्य पिरॅमिड' नावाच्या पिरॅमिडखाली साधारण शंभर मीटर लांब भुयार सापडलं, तेव्हा लोक म्हणाले ही तर निसर्गाने बनवलेली पवित्र गुहा. नंतर पुरातत्त्वज्ञ लिंडा मान्सानिया आणि त्यांच्या टीमने परिसरातल्या भुयारांचा नीट अभ्यास केला तर निघालं काय, तर हे सगळं माणसाने खणलेलं! ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड बांधकामाला लागायचा, तो काढून काढून ही पोकळी झाली. म्हणजे आपल्याकडची दगडखाणच.

शहराचा दबदबा साधारण सहाव्या-सातव्या शतकात संपला. त्यानंतर आलेल्या लोकांनी (मेक्सिकोत पुढे सत्ता गाजवणारे अ‍ॅझटेक तर आणखी कितीतरी शतकांनी आले) सूर्य पिरॅमिडच्या मागच्या गुहा सरळ वापरायला घेतल्या. आत चुली सापडल्या, धान्याच्या कणग्यांचे पाये सापडले, म्हणजे रीतसर संसार. भर उन्हात गार राहणारी, आयती मिळालेली जागा कोण सोडेल, मुंबईत तर पागडी मागितली असती. पण मला खरं हलवून गेलं ते वेगळंच. तिथं माणसं पुरलेली आहेत आणि त्यात अगदी तान्ही बाळंसुद्धा, तीही आडवी नाही, बसवून ठेवलेली. एकेकाळची खाण आणि तिच्यात ही इवलीशी हाडं, फोटो बघितला तेव्हा चहा तसाच गार झाला माझा.

तुमच्या मंडपेश्वरशी जुळवायचं तर फरक एवढाच, की तिथं देव बदलत गेले, इथं खाणीचं आधी घर-कोठार झालं आणि मग स्मशान. आणि हो, पिरॅमिडच्या मागच्याच एका गुहेत आज 'ला ग्रुता' नावाचं रेस्टॉरंट चालतं, रंगीबेरंगी खुर्च्या मांडून. नावाचा अर्थ? गुहा!