जर्मनीतल्या स्टुटगार्टची ऑफर आलीय, बायको शिक्षिका, मुलगी तीन वर्षांची. कोल्हापूर सोडून जावं का?

तुम्ही विचारलंय की वर्षाला 60 हजार युरोत तिघांचं भागेल का, आणि जाता जाता शेवटी एक ओळ, की बायको बीएड आहे तिचं काय होईल. मीपण कोल्हापूरचाच, राजारामपुरीतला, बायको आणि लेकीला घेऊन स्टुटगार्टला आलो आणि अजून इथंच आहे. माझ्या मते ती शेवटची ओळच तुमचा खरा प्रश्न आहे.

पैशाचं आधी उरकतो. भागतंय. टॅक्स क्लास तीन, म्हणजे घरात एकटाच कमावणारा असेल तर कमी कर कापणारा वर्ग, घेतला की महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास हातात येतात, त्यातले बाराशे-पंधराशे भाड्यात जातात, मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, महिन्याला अडीचशेच्या वर येतं, आणि सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये कमाई नसलेली बायको आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात. फक्त भाड्याच्या घरात बऱ्याचदा किचनच नसतं, ओटा-सिंकसकट सगळं आपण बसवायचं, त्याचे पैसे बाजूला ठेवा.

आता वहिनींचं. तुम्ही पहिल्या दिवसापासून कामाला लागणार, टीम इंग्लिशमध्ये बोलणार, दोन महिन्यांत तुमचं बस्तान बसेल. त्या मात्र आज शाळेत पोरांच्यात असतात, संध्याकाळी रंकाळ्यावर गेलं की चार ओळखीचे भेटतात, आणि इथं डिसेंबरात साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद आणि दिवसभर घरात एक लहान मूल. माझ्या ओळखीतली जी कुटुंबं परत गेली ती पगारामुळं नाही गेली, ह्यामुळं गेली.

कायदा तुमच्या बाजूनं आहे हे मात्र लई मोठं आहे. तुम्हाला मिळेल ते ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना; ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीची, परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या शिकलेल्या बायका नवऱ्याची ग्रीन कार्डची फाईल पुढं सरकेपर्यंत घरात बसून असतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण परीक्षा लागत नाही म्हणून भाषा टाळू नका. शाळेत शिकवायला जर्मन अगदी वरच्या पातळीचं लागतं, त्याला वर्षं जातात, म्हणून वहिनींनी क्लास आत्ताच सुरू करावा, कोल्हापुरातून ऑनलाइन. माझी बायको सीएच्या ऑफिसात होती, तिनं जर्मनची बी-टू ही बरीच वरची पातळी केली तेव्हा कुठं अकाउंट्सचं काम मिळालं. तुम्हीही शिका, ब्लू कार्डवर कायमचा परवाना 27 महिन्यांनी मिळतो, बी-वन, म्हणजे बी-टूच्या एक पायरी खालचं जर्मन, असेल तर 21 महिन्यांनीच.

क्लासला जायचं तर मुलीला किटात, म्हणजे बालवाडीत, जागा पाहिजे. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला 2013 पासून कायद्यानं हक्क आहे, पण हक्क असून पण वेटिंग असतंच, त्यामुळं घराचा पत्ता मिळाला की त्याच दिवशी अर्ज टाका. जागा मिळाली तरी पहिल्या दिवशी सोडून येता येत नाही. आधी काही दिवस आईनं किंवा बाबानं वर्गात कोपऱ्यात बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं दोन-चार आठवडे चालतं. आमच्या लेकीला फक्त मराठी यायचं, म्हणून आम्ही बाईंना एका कागदावर पाणी, शू, भूक, दुखतंय, आई कधी येणार असे मराठी शब्द रोमन लिपीत लिहून दिले, त्यांनी तो कपाटावर चिकटवला आणि रोज तिच्याशी तसंच बोलायच्या. तेवढ्यानं तिचं रडणं थांबलं. ह्या काळात तुमची रजा राखून ठेवा, सगळं वहिनींवर टाकू नका.

आधी एकट्यानं जाऊन घर बघायला हरकत नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या वर लांबवू नका, आणि व्हिसाचे अर्ज शक्यतो तिघांचे एकदमच करा.

आणि एक काम ह्याच आठवड्यात. मुलीचा महानगरपालिकेचा जन्मदाखला काढून बघा, आपल्याकडं बारशाच्या आधी नोंद होते त्यामुळं नावाची जागा बऱ्याचदा कोरीच असते, ते नाव चढवून घ्या. लग्नाची नोंदणी नसेल तर तीही करा, हॉलची पावती आणि पत्रिका चालत नाही. लसीचं कार्ड जपून ठेवा, गोवरचे दोन्ही डोस दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत. नाव चढवायला किती वेळ लागतोय ते कळलं की मगच कंपनीला जॉइनिंगची तारीख सांगा.